सड्यावर कातळशिल्प दिसलं तर नोंद कशी करायची : पहिल्या फेरीपासून रिपोर्टपर्यंत

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, फिरताना पायाखाली कोरलेली रेष दिसली की आपण सगळे एकच गोष्ट करतो, खाली बसतो आणि हाताने माती झटकायला लागतो. ते करू नका. हा अख्खा लेख खरं तर याच एका वाक्यासाठी लिहितोय, बाकी सगळं त्याच्या पुढचं आहे. खाचेतली माती हा कचरा नाही, ती कधी येऊन बसली यावरून शिल्पाचं वय कळायची थोडीफार शक्यता असते, आणि एकदा झाडून टाकली की ती शक्यता कायमची गेली.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात मिळून दीड हजाराच्या वर कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या आकृत्या, आतापर्यंत नोंदली गेलीत. २०२२ मध्ये त्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. यातली कितीतरी शिल्पं उजेडात आली ती रत्नागिरीचे शोधक सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांच्या पायपिटीमुळे, गावोगाव जाऊन गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत. म्हणजे हे काम सुरूच झालं ते सामान्य माणसांच्या डोळ्यांनी, आणि अजून कितीतरी सडे कुणी नीट चाललेलंच नाही. त्यामुळे तुम्हाला नवीन काही दिसू शकतं, अगदी खरंच दिसू शकतं, आणि तेव्हा काय करायचं ते माहीत असलं पाहिजे.

जायच्या आधी

आधी गाव. सडा मोकळा दिसतो म्हणून तो कुणाचा नाही असं समजू नका, बहुतेक सड्यांचा सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो आणि बऱ्याचदा दहा-पंधरा नावं असतात. सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, काय करणार ते सांगा, जमीनमालक कोण ते विचारा आणि त्यांची परवानगी घ्या, तोंडी मिळाली तरी तारीख आणि नाव वहीत लिहून ठेवा. आणि त्याच भेटीत विचारा की सड्यावर 'चित्रं' आहेत का, 'पांडवांनी काढलेलं' काही आहे का, मुलं लहानपणी कुठे खेळायची. कातळशिल्प म्हणून विचारलंत तर लोक नाही म्हणतील कारण हा शब्द आपला, त्यांचा नाही. गुरं चारणाऱ्या एका आजोबांनी मला दोन तासात जे दाखवलं ते मला सॅटेलाइट नकाशावर आठवडाभर डोळे फोडूनही सापडलं नव्हतं.

सॅटेलाइट नकाशा तरी बघून घ्याच. कातळ उघडा कुठे आहे, पाण्याची डबकी कुठे, जुन्या पायवाटा कुठून जातात, चिरेखाण (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढतात ती खाण) किती जवळ आलीय, एवढं त्यावर छान कळतं. शिल्प मात्र त्यावर क्वचितच दिसतं.

वेळ : पाऊस गेला आणि गवत वाळलं की पुढे मे पर्यंत. गवत उंच असताना जाऊन उपयोग नाही. एक सोपी युक्ती मात्र पावसाची आहे, एखादी हलकी सर येऊन गेली आणि ऊन पडलं की कातळाचा वरचा भाग पटकन सुकतो आणि खाचा तासभर ओल्याच राहतात, अख्खी आकृती काळ्या रेषांनी उठून येते, आणि त्यासाठी तुम्हाला बोटही लावावं लागत नाही.

सामान फार लागत नाही. ३० मीटरची एक आणि ५ मीटरच्या दोन टेप, सुतळी किंवा नायलॉनची दोरी, ग्राफ पेपर, पेन्सिल, १० सेंटीमीटरची स्केलपट्टी (रंगांच्या चौकटी असलेली मिळाली तर उत्तम), एक मीटरची सरळ लाकडी पट्टी, बऱ्यापैकी कॅमेरा किंवा चांगला फोन, एक जोरदार टॉर्च, छत्री, आणि प्यायला भरपूर पाणी कारण सड्यावर सावलीचं एक झाड नसतं. खडू, कोळसा, रांगोळी, रंग, लोखंडी ब्रश, खुरपं यातलं काहीही पिशवीत असू नये. सोबत नसलं म्हणजे मोह होत नाही.

खडूचं जरा थांबून सांगतो कारण अजूनही लोक फोटोसाठी खाचेत खडू भरतात. एक तर खडूची भुकटी कातळाच्या भोकांत जाऊन बसते आणि पुढे कुणी रासायनिक तपासणी करायची म्हटली तर ती बिघडते. दुसरं त्याहून वाईट, खडू भरणारा माणूस त्याला जी रेष दिसली तीच भरतो, जी दिसली नाही ती कोरीच राहते, आणि मग तो फोटो बघणाऱ्या प्रत्येकाला त्या एका माणसाचंच मत दिसतं. नॉर्वेत आल्टा इथे पर्यटकांना नीट दिसावं म्हणून खोदरेषा लाल रंगाने भरल्या होत्या आणि नंतर तोच रंग काढत बसायची वेळ आली. आपण तो धडा फुकट घेऊया.

पोचल्यावर पहिला तास काहीच मोजू नका

चपला-बूट काढून, किंवा निदान मऊ तळव्याचे घालून, आकृतीच्या बाहेरून एक मोठी फेरी मारा, मग उलट दिशेने दुसरी. कोकणातली शिल्पं आडव्या कातळावर आहेत, उभ्या भिंतीवर नाहीत, त्यामुळे कुठून बघायचं हे आधी ठरत नाही. उत्तरेकडून जे डोकं वाटतं ते दक्षिणेकडून पाय वाटू शकतं. माणसांच्या आकृतीत कधी कधी फक्त कमरेखालचे पाय कोरलेले असतात, ते एका बाजूने बघितलं तर दोन उभे खांब वाटतात.

ऊन तिरकं हवं. सकाळी उगवल्यानंतरचा दीड-दोन तास आणि संध्याकाळी मावळण्याआधीचा तेवढाच. दुपारी बाराला खोल खाचसुद्धा सपाट दिसते, मी दुपारी ज्या कातळावरून दोनदा चालत गेलो होतो त्यावर संध्याकाळी साडेपाचला पाच आकृत्या होत्या. रात्री थांबायची सोय असेल तर टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून, म्हणजे साधारण १० ते १५ अंशात धरून, चारही बाजूंनी फिरवा. उथळ रेषा जशा तेव्हा दिसतात तशा दुसऱ्या कशाने दिसत नाहीत.

हे कोरलेलंच आहे का

जांभा हा फसवा दगड आहे. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहून तयार झालेला, आत नळ्या-नळ्या आणि भोकं, वर उन्हापावसाने कडक झालेलं काळपट कवच. चिरा खाणीतून ताजा काढताना मऊ असतो आणि हवेत राहिला की कडक होतो हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे ज्यांनी सड्याच्या वरच्या कवचावर कोरलं त्यांनी मऊ चिऱ्यात नाही, कडक झालेल्या पाठीवर कोरलं, हे लक्षात ठेवलं की त्यामागची मेहनत कळते.

नैसर्गिक खाच वाकडीतिकडी जाते, तिची रुंदी प्रत्येक वीतभर बदलते, आणि ती मध्येच भोकात नाहीतर भेगेत विरते. कोरलेली रेष बऱ्याच अंतरापर्यंत साधारण सारखी रुंद राहते, वळण घेते तेव्हा ठरवून घेतल्यासारखं घेते, आणि भेग आडवी आली तरी भेगेच्या पलीकडे पुढे चालू राहते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटतो.

मग माणसाने केलेलं पण शिल्प नसलेलं बरंच काही असतं : चिऱ्याच्या मशीनच्या पात्याच्या सरळ समांतर रेषा, गाडीच्या चाकोऱ्या, मांडवाच्या खांबांसाठी पाडलेले खड्डे, काही कुटायला केलेले गोल खळगे, खेळाचे पट, हद्दीच्या खुणा. यांचीही नोंद करा. आज निरुपयोगी वाटलं तरी करा, कारण सड्याचा वापर कसकसा बदलत गेला हे त्यातूनच कळतं.

जागा आणि दिशा

फोनच्या जीपीएसची चूक उघड्या सड्यावरही तीन ते पाच मीटर सहज असते. म्हणून जीपीएस फक्त अख्ख्या ठिकाणासाठी वापरा, एका आकृतीपासून दुसरीपर्यंतचं अंतर टेपनेच मोजा. अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, पाच दशांश स्थळं घेतली की साधारण एक मीटरपर्यंतचा आकडा होतो, त्यापुढचे आकडे फोन दाखवतो पण त्यांना अर्थ नाही.

दिशेसाठी होकायंत्रावर विसंबू नका. जांभ्यात लोह आहे, आणि देवाचे गोठणे इथल्या कोरलेल्या मानवाकृतीजवळ तर चुंबकसुई भरकटते हे प्रसिद्धच आहे, लोक मुद्दाम बघायला जातात. फोनमधला कंपासही चुंबकावरच चालतो. मग उत्तर कशी काढायची? दोन मार्ग. एक, शंभर-दोनशे मीटर अंतरावरच्या दोन ठळक गोष्टी धरा, मंदिराचा कळस आणि गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा म्हणा, दोन्ही सॅटेलाइट नकाशावर ओळखा आणि त्यांच्यातली रेष हीच तुमची मूळ दिशा माना. दुसरा मार्ग आपल्याकडे शुल्बसूत्रांपासूनचा आहे, शंकूचा. आकृतीपासून लांब, सपाट जागी एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा, भोवती दोरीने वर्तुळ आखा, खुणेला खडे ठेवा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे एक खडा, दुपारनंतर परत शिवतं तिथे दुसरा. दोन खडे जोडणारी रेष पूर्व-पश्चिम. दिवस जातो खरा पण नाहीतरी तुम्ही दिवसभर तिथेच असता.

दोरीची जाळी आणि चित्र

आता मुख्य काम. ड्रोनच्या जमान्यात हाताने चित्र कशाला काढायचं असं विचारतात. कारण हाताने काढताना प्रत्येक चौकटीत पाच-दहा मिनिटं नजर अडकते, आणि त्या मिनिटांत जे कळतं ते नंतर स्क्रीनवर कळत नाही. फोटो आणि चित्र दोन्ही हवं, एकाच्या बदल्यात दुसरं नको.

आकृतीच्या बाहेर एक पायारेष धरा, म्हणजे दोरी ताणून दोन टोकांना जड दगडांना बांधा. खिळे, खुंट्या ठोकायच्या नाहीत. दगडही आजूबाजूचे रचलेले उचलू नका, ते कदाचित स्वतःच कसली तरी खूण असतील, पिशवीत वाळू भरून नेली तर सगळ्यात बरं. मग त्या रेषेला काटकोनात दर मीटरला दुसरी दोरी. काटकोनासाठी टेपने तीन-चार-पाचचा त्रिकोण करा, गवंडी करतात तसा. एक बाय एक मीटरच्या चौकटींची जाळी तयार झाली की आडव्या ओळींना अ, आ, इ आणि उभ्यांना १, २, ३ अशी नावं.

प्रमाण १:२० घ्या, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर ५ सेंटीमीटर. कशेळीचा हत्ती साधारण १८ बाय १३ मीटर आहे, त्याला १:२० ने ९० बाय ६५ सेंटीमीटर कागद लागेल आणि २३४ चौकटी भराव्या लागतील. त्यात त्या हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. म्हणजे मोठं शिल्प असेल तर एका रविवारात उरकायचं मनात आणू नका. आधी एखादी दोन मीटरची आकृती घेऊन हात बसवा.

चित्रात तीन प्रकारच्या रेषा ठेवा. अखंड रेष जिथे खाचेची कड स्पष्ट आहे तिथे. तुटक रेष जिथे आहे असं वाटतं पण खात्री नाही. आणि ठिपके जिथे कवचच उडालंय त्यामुळे होती की नव्हती हे सांगता येत नाही. हे तीन प्रकार पाळलेत तर तुमचं चित्र दुसऱ्या माणसाला तपासता येतं. सगळं अखंड काढलंत तर त्याला तुमच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो.

खाचेचा छेद घ्या. लाकडी पट्टी खाचेवर आडवी ठेवा, पट्टीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतची खोली दर एक सेंटीमीटरला मोजा आणि ग्राफवर मांडा. एका आकृतीचे निदान पाच छेद, वेगवेगळ्या ठिकाणचे. यू आकाराचा तळ, व्ही आकाराचा, एक कड उभी आणि एक उतरती, यावरून कोरणाऱ्याचा हात कुठल्या बाजूने चालला असावा याचा अंदाज येतो, आणि एकाच आकृतीत दोन प्रकारचे छेद आले तर ते कान टवकारायचं कारण आहे, कुणीतरी नंतर दुरुस्ती किंवा भर घातली असू शकते. खाचेत माती असेल तर खोली 'मातीपर्यंत' असं लिहा, माती उकरून तळ शोधू नका.

आधी रेष, मग नाव

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका सड्यावर आम्ही पहिल्याच संध्याकाळी एका आकृतीला 'मासा' म्हटलं. मोठा, सव्वादोन मीटर लांब, शेपूट छान दुभंगलेली. वहीत वर 'मासा' लिहिलं आणि दोन दिवस मासाच काढत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन दुसऱ्या बाजूने आलं आणि दिसलं की शेपटीची एक पाती ही शेपटीची नव्हतीच, ती शेजारच्या आकृतीची रेष होती, जास्त रुंद आणि जास्त उथळ, आणि आमच्या माशाची कड तिला कापून गेली होती. चार चौकटी परत काढल्या. पण खरी गोष्ट ही की जुन्या कागदावर त्या ठिकाणी मी कड अखंड रेषेने जुळवून टाकली होती, जमिनीवर नसलेला सांधा माझ्या पेन्सिलीने केला होता, कारण माशाला शेपूट असते हे मला माहीत होतं.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर नावाचा रकाना शेवटी आहे. आधी क्रमांक, मग लांबी-रुंदी, खाचेची रुंदी आणि खोली, रेष बंद आहे की उघडी, आत भरीव खोदलंय की नुसती कड, कुठल्या आकृतीला शिवते, कोण कुणाला कापतं, तोंड कुठल्या दिशेला. हे सगळं भरून झालं की मग 'काय वाटतं', आणि त्यापुढे 'कशावरून'. गेंडा लिहायचं असेल तर शिंग कुठल्या चौकटीत आहे ते लिहा. कोकणात आज गेंडा नाही, म्हणून गेंडा आहे की नाही हा प्रश्न शिल्पाच्या काळाशी आणि तेव्हाच्या हवामानाशी जोडला जातो, आणि एवढा मोठा निष्कर्ष एका कडेवरच्या दोन सेंटीमीटर उंचवट्यावर उभा राहणार असेल तर तो उंचवटा नीट नोंदलेला पाहिजे. बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ अशी आकृती आहे, तिची तुलना थेट सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरच्या चित्राशी होते. तुलना जरूर करावी, पण ती करणाऱ्याच्या हातात आधी निखळ रेषा द्याव्यात, 'वाघ' हा शब्द नंतर.

कोण कुणाला कापतं हे बघायची पद्धत सोपी आहे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे ज्या खाचेची कड अखंड पलीकडे जाते ती नंतरची. पण खोल रेष नेहमी नंतरची वाटते, तो भास असतो, म्हणून रेषा छेदतात त्या जागेचे जवळून, चार दिशांच्या उजेडात, चार फोटो घ्या आणि निर्णय घरी घ्या.

फोटो

तीन वेगळ्या कामांचे तीन वेगळे फोटो असतात आणि ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला नोंदीचा. प्रत्येक आकृतीचा सरळ वरून, स्केलपट्टी आणि उत्तरेचा बाण ठेवून, आणि एक आजूबाजूचा सडा दिसेल असा लांबून. स्केल आकृतीच्या बाजूला, खाचेत नाही.

दुसरा तिरक्या उजेडाचा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, आणि उजेड फिरवायचा. याचीच पुढची पायरी म्हणजे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) : कॅमेरा न हलवता चाळीस-पन्नास फोटो, प्रत्येकात दिवा वेगळ्या कोनातून पण सारख्या अंतरावरून, आणि चौकटीच्या कडेला एक चकचकीत काळा गोळा, त्यावरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर दिव्याची दिशा ओळखतं. मग कॉम्प्युटरवर तुम्ही हवा तसा उजेड फिरवू शकता. रात्री करावं लागतं आणि एका वेळी मीटरभराचाच तुकडा होतो, म्हणून ते फक्त शंकेच्या जागांसाठी ठेवा.

तिसरा थ्री-डी मॉडेलचा, म्हणजे फोटोग्रामेट्री. इथे उलट, ऊन तिरकं नको, सावल्या नको, ढगाळ आकाश सगळ्यात चांगलं. लहान आकृतीवर छत्री किंवा चादर धरून सारखी सावली केली तरी चालते. प्रत्येक फोटो आधीच्यावर ७० ते ८० टक्के चढलेला हवा, ओळीओळीने वरून, आणि मग कडेने फिरत तिरके. झूम बदलायचा नाही, फोकस बदलायचा नाही. किती जवळून काढायचे हे असं ठरवा : फोटोची रुंदी ४००० पिक्सेल असेल आणि त्यात एक मीटर जमीन मावत असेल तर एक पिक्सेल पाव मिलिमीटर होतो, उथळ रेषांना हे पुरेसं आहे. मॉडेलला मापं यावीत म्हणून निदान चार खुणांची कार्डं कोपऱ्यांवर ठेवा आणि त्यांच्यातली अंतरं टेपने मोजून लिहा, कर्णसुद्धा. फोटोंवरून मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मेशरूम फुकट आहे, मेटाशेप विकत, सुरुवातीला मेशरूमने भागतं. ड्रोन उडवणार असाल तर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलवर त्या भागाचा झोन तपासा, किनारपट्टीच्या भागात निर्बंध असू शकतात.

शिल्पाभोवतीचा सडा

नवखे लोक फक्त आकृती नोंदवतात आणि परत जातात. पाणी किती लांब आहे, तळं बारमाही आहे का, समुद्र दिसतो का, खालच्या घळीत गुहा आहे का, जुनी पायवाट कुठून येते, कुठल्या बाजूने चढून आलं तर आकृती सरळ दिसते, हे सगळं लिहा. कुडोपीपासून फणसामळपर्यंत शिल्पं आडव्या जमिनीवर आहेत म्हणजे ती बघायची कशी, चालत की वरून की मनात, हा प्रश्न उघडाच आहे आणि त्याला तुमच्या पायांची नोंद उपयोगी पडते.

दगडाच्या धारदार बारीक कपच्या दिसल्या, विशेषतः जांभ्याच्या नसलेल्या, म्हणजे गारेच्या किंवा अकीकासारख्या दगडाच्या, तर उचलू नका. जागेवर स्केल ठेवून फोटो, जीपीएस, आणि तशीच सोडा. सड्यावर असा दगड आपोआप येत नाही, कुणीतरी आणलेला असतो, आणि तो कुठे पडला होता हीच त्याची किंमत आहे.

वय किती, असं सगळेच विचारतात

दगडावर नुसती खाच असेल तर थेट काळ काढणं जवळपास अशक्य असतं, कारण कार्बन डेटिंगला सेंद्रिय पदार्थ लागतो आणि खाचेत तो नाही. म्हणून आजूबाजूने जावं लागतं. खाच मातीखाली पुरलेली असेल तर त्या मातीतल्या वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं हे ओएसएल पद्धतीने काढता येतं, आणि शिल्प त्याहून जुनं असणार एवढं नक्की म्हणता येतं. पोर्तुगालच्या कोआ खोऱ्यात फरिझेउ इथे कोरलेला कातळ अश्मयुगीन थरांखाली गाडलेला सापडला आणि म्हणूनच तिथल्या शिल्पांच्या प्राचीनतेचा वाद मिटायला मोठी मदत झाली. नुसती मातीच होती ती. कुणी हौसेने आधीच झाडून ठेवली असती तर?

कोकणातल्या बऱ्याच शिल्पांना मध्याश्मयुगाच्या (शेतीआधीच्या दगडी हत्यारांच्या काळाच्या) आसपासचं मानतात, ते प्राण्यांच्या निवडीवरून, शेतीचं चित्रण नसण्यावरून आणि भोवती मिळालेल्या दगडी हत्यारांवरून. पण सगळी शिल्पं एका काळाची आहेत असं धरून चालू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये काळ हा रकाना रिकामा ठेवलात तरी काही बिघडत नाही, त्याऐवजी 'आकृती ४ ही आकृती ७ नंतरची, दोन्ही चौकट इ-३ मध्ये एकमेकींना छेदतात' असं एक वाक्य लिहिलंत तर ते पन्नास वर्षांनीही खरं राहील. आणि खोदकाम नाही, अगदी वीतभरही नाही, उत्खननाला परवाना लागतो आणि तो योग्यच आहे.

गावाकडे असलेली माहिती

पांडवांनी एका रात्रीत कोरलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं, अशा गोष्टी सांगतात. त्या जशाच्या तशा, सांगणाऱ्याच्या बोलीत, विचारून रेकॉर्ड करा. काही शिल्पांजवळ आजही नारळ ठेवतात, पालखी जाते. त्या ठिकाणी कुठे उभं राहायचं नाही हे गाव सांगेल ते ऐका. ज्या सड्याला देवाचं मानलं जातं त्याच्यावर चिरेखाण यायला उशीर होतो, एवढं तरी त्या श्रद्धेचं आपल्यावर ऋण आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो उतरवा. फाइलच्या नावात गाव, आकृती क्रमांक, तारीख आणि फोटो क्रमांक. मूळ फाइल कधीही बदलायची नाही, उजळवायची असेल तर कॉपी उजळवा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. वहीची पानंही स्कॅन करा, खाडाखोडीसकट.

सोशल मीडियावर नवीन शिल्पाचं नेमकं ठिकाण टाकू नका, फोटोतलं लोकेशन काढून टाका. शनिवार-रविवारी तीस गाड्या सड्यावर चढल्या की कवच आठवड्यात फुटतं, आणि गावाला त्याची तयारी करायला वेळ मिळालेला नसतो. उक्षीला हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा आणि बघायला उंच जागा केली, तशी सोय गावाने ठरवून आधी झाली तर मग खुशाल सांगा.

रिपोर्ट राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण संरक्षण मिळायला घोषणा व्हावी लागते आणि घोषणेला नकाशा, मोजमाप, सातबारा लागतो, म्हणजे तुम्ही जे वर केलंत तेच. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, फोटोंसकट. आमच्या एका ठिकाणी खाणीचा जेसीबी सड्यावर आला तेव्हा ऑफिसातली फाइल शोधेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, ग्रामपंचायतीतली प्रत घेऊन दोन बायका सड्यावर गेल्या आणि नकाशावर बोट ठेवून यंत्र कुठे थांबवायचं ते दाखवलं.

शेवटचं काम दर वर्षीचं. चार ठरावीक जागांवरून, त्याच महिन्यात, त्याच वेळी, तीच लेन्स लावून चार फोटो. जागा खूण करून नाही, पायारेषेपासून मोजून शोधायच्या. सड्यावर वणवा लागून गेला असेल तर त्या वर्षी दोनदा जा, तापून कवचाच्या खपल्या कधी लगेच, कधी पुढच्या पावसानंतर सुटतात.